दोन्ही कडा सारख्या

पांढऱ्या टॉवेलवर लाल डाग दिसला, तेव्हा मला आधी मुंगीचाच राग आला. मुंगी म्हणजे आमच्या संघातली सगळ्यांत लहान चणीची मुलगी. स्वतःपेक्षा जड पिशवी ओढत यायची म्हणून बाकीच्या मुलींनी ठेवलेलं नाव. पोरीची टाच पुन्हा सोलवटली असणार आणि तिने कुणाला सांगितलं नसणार, असं पुटपुटत मी तिच्या स्केटचं पातं पुसत राहिले. तर दुसरा डाग पडला, मग तिसरा, आणि तिन्ही डाग माझ्या हातामागून येत होते. माझ्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर आडवी चीर गेली होती, चांगली खोल, आणि रक्त निवांत वाहत होतं. मला काहीच दुखलं नव्हतं. मी अंगठा नळाखाली धरला. पाणी गारठलेलं असणार, त्या इमारतीत नळाला दुसरं पाणीच नव्हतं. अंगठ्याला तेही कळलं नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलींची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा आमच्या शहरात भरली होती. आठ देशांचे संघ आले होते, त्यांतले चार उरले होते, आणि त्या दुपारी चार वाजता आमच्या मुलींचा उपान्त्य सामना होता. मी संघाची धारवाली. वीस मुलींचे चाळीस स्केट, त्यांची पाती माझ्या हाताखालून जाणार. लोकांना वाटतं स्केटचं पातं सुरीसारखं असतं. तसं नसतं. ते तळाला सपाट असतं, काड्यापेटीतल्या दोन काड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल एवढं रुंद, आणि त्याच्या मधोमध लांबीभर एक बारीक पन्हळ कोरायची असते. पन्हळीच्या दोन बाजूंना दोन कडा उरतात, एक आतली, एक बाहेरची. मुलगी त्या कडांवर उभी असते. दोन्ही कडा सारख्या असल्या तर बर्फ तिचं ऐकतो. एखादी केसभर उंच राहिली तर पाय तिचा राहत नाही. हे तपासायला एक लहानशी पोलादी पट्टी मिळते, पात्यावर आडवी ठेवायची आणि कलते का ते बघायचं. ती पट्टी मी एकतीस वर्षांत वापरली नव्हती. माझे वडील म्हणायचे, पट्टी असते ती ज्याला अंगठा नाही त्याच्यासाठी.

वडिलांचं दुकान कात्र्या-सुऱ्यांचं. शिंपी यायचे, न्हावी यायचे, आणि गावाबाहेरचं तळं गोठलं की शाळेतली मुलं स्केट गळ्यात अडकवून यायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी माझा अंगठा धरून पात्यावर ठेवला होता. नख कडेवरून आडवं ओढायचं, हळूच, खरवडायचं नाही. कड चांगली असेल तर नखाचा पापुद्रा निघतो, पिठीसारखा. एका कडेवर ओढायचं, मग दुसऱ्या कडेवर, आणि दोघींनी सारखंच बोललं पाहिजे. मला पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही. ते हसले नाहीत की रागावले नाहीत, म्हणाले, उद्या येईल. उद्याही आलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी एकदा अचानक आलं, आणि मी एवढी खूश झाले की घरातल्या सगळ्या सुऱ्या, विळ्या, अगदी आईचा सुपारी कातरायचा अडकित्तासुद्धा तपासून टाकली. आई म्हणाली, झालं, आता हिला नवरा शोधताना आधी त्याची दाढी बघावी लागणार. वडिलांनी मला जे दिलं ते सगळं त्या एका पेरात होतं. दुसरी इस्टेट नव्हतीच.

आणि तीन महिन्यांपासून ते पेर हळूहळू गप्प होत चाललं होतं. आधी मुंग्या यायच्या, विशेषतः पहाटे. मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की मनगटातली शीर दबली आहे, इतकी वर्षं मशीनच्या थरथरीत हात धरल्यावर दुसरं काय होणार, आणि वेळेवर आला असतात तर बरं झालं असतं. वेळेवर मी कुठली जातेय. आमचे हे निवृत्त टपालवाले. सगळ्या गावाची पत्रं पोचवली पण घरात एक शब्द जास्त बोलायचा नाही, असा माणूस. त्यांनी एक दिवस मला उकळत्या भांड्यावरचं झाकण नुसत्या बोटांनी उचलताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या बोंडीला चिंधी बांधलेली होती. मी ती सोडून टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेली. मग मी भांडले, की माझ्या हाताला काही झालेलं नाही, आणि स्पर्धा तोंडावर असताना मला दवाखान्याच्या रांगेत बसवायचं काढू नका. ते म्हणाले, बरं. त्या 'बरं'मध्ये किती माया होती ते मला नंतर कळलं. तेव्हा नुसता संताप आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच मला ठाऊक होतं. मूठ उघडली की कोच बाई दुसरा माणूस बघतील, तरुण, पट्टीवाला. मग मी कोण? एकतीस वर्षं मी स्वतःला दुसरं काही म्हटलंच नव्हतं. म्हणून मी पात्यावर अंगठा ओढत होते, काही ऐकू येत नव्हतं, आणि मान डोलवत होते.

स्पर्धा सुरू झाली आणि पहिले तीनही सामने आम्ही जिंकलो, चौथाही जिंकलो. मुली अशा फिरत होत्या की पाहुण्या संघांचे लोक कौतुकाने बघायचे. मी मनात म्हणायची, बघा, अंगठा बधिर असला म्हणून काय झालं, हाताला सगळं पाठ आहे. गर्व असा मुकाट्याने येतो आणि घरच्यासारखा बसतो.

धारेची खोली दोन संघांना मिळून एक दिली होती. बर्फाच्या मैदानामागच्या बोळात, खिडकी नसलेली, दोन मशिनं, दोन टेबलं, मध्ये स्केट टांगायच्या खुंट्या. दुसऱ्या टेबलावर असायचा एका परदेशी संघाचा धारवाला. मुली त्याला पाहुणे म्हणायच्या, मग मीही म्हणायला लागले. साठीचा, उंच, खांद्यात वाकलेला, शर्टाच्या खिशात दोन चष्मे. आमची भाषा मोडकीतोडकी बोलायचा, तरुणपणी इथे दोन वर्षं कुठल्याशा कारखान्यात होता म्हणून. पहिल्याच दिवशी त्याने एका पात्यावर आपली पट्टी ठेवली आणि मग शेजारधर्म म्हणून माझ्यापुढे धरली, घे, वापर. मी जे काही बोलले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. पट्टी-बिट्टी आम्हाला लागत नाही, आम्हाला देवाने अंगठा दिलाय, असं काहीतरी, आणि तेही चढ्या आवाजात. त्याने पट्टी खिशात घातली आणि मला त्याच्या थर्मासमधला चहा दिला. त्यानंतर आम्ही रोज एकमेकांचा चहा प्यायचो. संध्याकाळी मी सातच्या बसने घरी जायची, त्याची राहायची सोय त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती, तो मागे थांबायचा. आपापल्या कामात आम्ही दोघं फार कमी बोलायचो. उपान्त्य सामन्यात आमच्या मुलींपुढे त्याचाच संघ येणार हे ठरलं तेव्हा त्याने भुवया उंचावल्या, मीही उंचावल्या, आणि त्या दिवशीचा चहा थोडा जास्त साखरेचा झाला.

तर त्या सकाळी एकोणीस जोड्या आदल्या दिवशीच झालेल्या होत्या. एकटी मुंगी सकाळी आली, जोडी छातीशी धरून. तिला रात्रभर वाटत राहिलं होतं की डावा पाय सरकतो. बिलकुल सरकत नव्हता. पहिल्यांदाच देशाकडून खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला सामन्याच्या आदल्या रात्री सगळंच सरकल्यासारखं वाटतं. पण मी नाही म्हणाले नाही, नव्याने धार लावून देते म्हटलं. पाहुण्यांचा संघ सकाळच्या सरावाला दुसऱ्या मैदानावर गेला होता, खोलीत मी एकटी. डाव्या पायाचं पातं पुसताना अंगठा कापला, त्यावर मी घट्ट कापड बांधलं, आणि मग तपासायचं कसं हा प्रश्न आला. मी डावा अंगठा वापरला. स्केट उजव्या हातात घेतला, डावं नख कडेवरून ओढलं, आणि कितीतरी दिवसांनी पापुद्रा निघताना जाणवला. मला खरंच भरून आलं. डावा अंगठा बोलत होता, वडिलांच्या दुकानातल्यासारखा बोलत होता, आणि म्हणत होता की अंगठ्याकडची कड थोडी उंच आहे. अंगठ्याकडची कड उंच लागली की मशीनच्या पकडीचा स्क्रू अर्धा फेरा आत, हे माझा हात झोपेतही करतो. मी केला. पातं चाकावरून दोनदा फिरवलं, पुसलं, मुंगीच्या हातात दिलं, आणि म्हटलं, जा, आता खुशाल पळ. डाव्या हाताने तपासलं की पात्याची दुसरी बाजू अंगठ्याकडे येते. म्हणजे स्क्रू आत नाही, बाहेर फिरवायला हवा होता. मी हात बदलला होता, सवय बदलली नव्हती. जी कड उंच होती ती मी आणखी उंच करून ठेवली.

सामना चालू असताना मी बोळाच्या तोंडाशी उभी असते, हातात चिंध्या, नाड्या, एक छोटी कानस. तिथून अर्धंच मैदान दिसतं. एकतीस वर्षं मी अर्धाच खेळ पाहिला आहे, उरलेला लोकांच्या ओरडण्यावरून समजून घेते. सहाव्या मिनिटाला मुंगी पडली. कुणी ढकललं नव्हतं. ती उठली, गुडघे झटकले, हसलीसुद्धा. मग अकराव्या मिनिटाला ती वळताना लडखडली आणि मी तिच्या पायाकडे बघायला लागले. चौदाव्या मिनिटाला समोरच्या संघाची एक लाल वेणीवाली मुलगी पक, म्हणजे खेळातली ती काळी रबरी चकती, घेऊन सरळ आली. मुंगी तिला अडवायला उलटी जात होती, आणि मग वळायचं म्हणून तिने सगळा भार डाव्या पायावर टाकला. पाय तिच्याखालून निघून गेला. ती आडवी झाली, वेणीवाली तिच्या बाजूने गेली, आणि गोल झाला. माझ्या शेजारच्या भिंतीपलीकडे परक्या भाषेतला जल्लोष उठला. कोच बाईंनी मुंगीला बाकावर बसवलं. ओरडल्या नाहीत, आमच्या कोच बाई ओरडत नाहीत, त्या नुसतं दुसऱ्या मुलीचा नंबर बोलतात. मुंगीने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं नाही. जाळीआड तिची हनुवटी हलत होती.

मला तेव्हाच कळलं. अंगठा गप्प असला तरी डोळे होते, आणि डावा पाय कुठल्या कडेवरून निसटला ते मी पाहिलं होतं. अख्खी सकाळ माझ्यापुढे उलटी फिरली, स्क्रू, नख, टॉवेल. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार मुंगीचा आला नाही. पहिला विचार असा आला की कुणालाही कळणार नाही. सोळा वर्षांची मुलगी घाबरून पडली, असंच सगळे म्हणणार. मुंगीसुद्धा तसंच म्हणणार. मध्यंतरात पाती गुपचूप नीट करता येतील, किंवा तीही करायला नकोत, ती आता बाकावरच बसणार आहे. पुढच्या वर्षी तिला कदाचित निवडणार नाहीत. मुली येतात, जातात. एवढा सगळा हिशेब मनात किती लवकर होतो. हातातली कानस मी एवढी दाबून धरली होती की नंतर तळव्यावर तिची जाळी उमटलेली दिसली, तेव्हाही दुखलं नव्हतं. मग मला त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीची आठवण आली जिला पंधरा दिवस काही ऐकू आलं नाही. कुणी तिला म्हटलं असतं की तुझ्याच हातात काही नाही, तर तिने ते जन्मभर खरं मानलं असतं. वडील म्हणाले होते, उद्या येईल. मला कुणीतरी उद्या दिला होता. त्यांचे उपकार मी कुठे फेडायचे ते मला त्या बोळात उभं असताना कळलं, आणि त्याबद्दलही मी त्यांचीच आभारी आहे.

पहिला भाग संपला. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. मी मुंगीच्या पायांतून स्केट जवळजवळ ओढूनच काढले, ती विचारत राहिली, मावशी काय झालं, मावशी काय झालं, आणि मोजे घालूनच माझ्यामागे धावत आली. खोलीत पाहुणे आपल्या एका मुलीची तुटलेली नाडी बदलून देत होते. ती मुलगी गेली. मी डावा स्केट पकडीत बसवायला गेले, पण घाईत काही जमेना. पकडीत पातं सरळ बसेना. किती मिनिटं गेली असतील, एक, दोन. पाहुण्यांनी आपलं टेबल सोडलं. त्याने माझ्या कापड बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं, मग पायाने दार लोटून घेतलं आणि स्केट माझ्या हातातून काढून घेतला. त्याच्या जाकिटावर त्याच्या देशाचं चिन्ह होतं. भिंतीपलीकडे त्याच्या मुली एक गोल पुढे असल्याच्या आनंदात गात होत्या. त्याने खिशातली पोलादी पट्टी पात्यावर ठेवली तेव्हा ती इतकी कलली की मला बघवेना. मुंगीनेही पाहिलं. त्याने स्क्रू फिरवला, चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या, चार वेळा, मग उजवा. पुन्हा पट्टी ठेवली. ती आडवी राहिली, पाण्यासारखी. तोवर मला काहीतरी बोलायलाच हवं होतं आणि मुंगी माझ्याकडे बघत होती.

"तू पडली नाहीस," मी म्हटलं. "मी पाडलं तुला. माझ्या अंगठ्याला तीन महिने काही कळत नाहीये. मी कुणाला सांगितलं नाही."

मला वाटलं ती रडेल, किंवा चिडेल. ती स्केट घालायला खाली बसली, नाडी ओढता ओढता थांबली.

"म्हणजे मला येतं?" तिने विचारलं.

"येतं," मी म्हटलं. "तुला येतंच."

कोच बाईंना मी बोळातच गाठलं आणि तेच सांगितलं, त्याच शब्दांत, म्हणजे पुन्हा शब्द शोधायला नकोत. फक्त पाती कुणी नीट केली ते सांगितलं नाही. ती गोष्ट माझ्या मालकीची नव्हती. कोच बाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्या स्वतः खेळायच्या तेव्हा त्यांची पाती मीच करायची. म्हणाल्या, "उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही, मावशी. आणि आज इथून हलायचं नाही. मुली तुम्हाला शोधतात." एवढंच म्हणून त्या गेल्या. एका वाक्यात काम गेलं होतं आणि दुसऱ्या वाक्यात जागा मिळाली होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटलं होतं पायाखालची जमीन सरकेल. उलट तीन महिन्यांत पहिल्यांदा खांदे खाली आले, आणि लक्षात आलं की ते इतके दिवस कानांपाशी होते.

दुसऱ्या भागात मुंगी पहिली पाच मिनिटं बाकावरच होती. मग कोच बाईंनी तिचा नंबर बोलला. ती उतरली आणि तिने सगळ्यांत आधी काय केलं, तर कुणी जवळ नसताना डाव्या पायावर एक वळण घेतलं, नुसतंच, खात्री करायला. पाय तिचाच होता. आम्ही एक गोल फेडला. तिसऱ्या भागात आमचा दुसरा झाला. तो मला दिसला नाही, माझ्या न दिसणाऱ्या अर्ध्यात झाला, पण छत हललं. मग शेवटची दोन मिनिटं, जी कधी संपत नाहीत. वेणीवाली पुन्हा सरळ आली, पुन्हा मुंगीच्याच बाजूने, कारण तिथे वाट असते हे तिला माहीत होतं. मुंगी उलटी गेली, डाव्या पायावर भार टाकला, वळली, आणि पक तिच्या काठीखालून अलगद काढून घेतला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. टाळ्याही फारशा पडल्या नाहीत. मी मात्र त्या बोळात उभी राहून रडले, आणि चिंधीने डोळे पुसले तर डोळ्यांत तेल गेलं. दोन-एकने आम्ही अंतिम फेरीत गेलो.

मी खोलीत गेले तेव्हा पाहुणे आपलं चाक पुसत होते. भिंतीपलीकडे आता गाणं नव्हतं. एखादी मुलगी हुंदके देत होती आणि बाकीच्या तिला काहीतरी समजावत होत्या. मला लाज वाटली. माझ्या जिंकण्यात पाहुण्यांचा हात होता, शब्दशः. मी म्हटलं, पाहुणे, त्या एका जोडीचे उपकार मी विसरणार नाही. तो चाक पुसत राहिला. मग म्हणाला, "एक," आणि किंचित हसला, आणि लगेच हसायला नको होतं असा चेहरा केला. त्या हसण्यावरून मला काहीतरी वाटलं. मी विचारलं, एक म्हणजे काय. तो नाही नाही करायला लागला. मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि हलले नाही.

"रोज," तो शेवटी म्हणाला. "तू बसने घरी. मी इथे. दोन जोडी. तीन. परवा पाच. आज सकाळी आम्ही सराव, मी नव्हतो."

चार सामने. हाताला सगळं पाठ आहे म्हणून मान डोलवत मी सातची बस पकडायची, आणि हा माणूस मागे थांबून खुंटीवरच्या जोड्या एकेक उतरवून बघायचा, चुकलेल्या नीट करायचा, आणि होत्या तशा टांगून ठेवायचा, नाड्यांच्या गाठीसुद्धा माझ्यासारख्या. काल रात्रीसुद्धा, दुसऱ्या दिवशी त्या मुली त्याच्याच मुलींविरुद्ध उतरणार हे माहीत असताना. मी विचारलं, मला सांगितलं का नाही. त्याने खांदे उडवले. "पहिल्या दिवशी तू सांगितलं, पट्टी नको. किती मोठ्याने सांगितलं," तो म्हणाला. आणि मग मी न विचारताच, चाकाकडे बघत, "बर्फावर पडते ती मुलगी. तुझी-माझी नंतर." मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे मी लपवत नाही. माझी एकतीस वर्षांची पुंजी जिथे ठेवली होती तिथे आठवडाभर दुसऱ्याचंच नाणं होतं. पण ती शरम फार वेळ टिकली नाही, टिकूच शकली नाही, कारण तिच्याखालून दुसरं काहीतरी वर येत होतं आणि ते जास्त मोठं होतं. कितीतरी मुली पडल्या असत्या, त्या पडल्या नव्हत्या. कुणाचा घोटा, कुणाचं मनगट, कुणाचा 'मला येतं' हा विश्वास, सगळं शाबूत होतं. मी स्वतःला एकटी समजून मूठ झाकून बसले होते, आणि घरी एक माणूस झाकणांना चिंध्या बांधत होता, इथे एक माणूस पाती नीट करत होता, आणि दोघांनीही मला कमीपणा येऊ दिला नव्हता. एवढं माझ्यासाठी कुणी करावं असं मी काय केलं होतं? काही नाही. तरी झालं होतं.

तेवढ्यात मुली आल्या. आमच्या मुलींची रीत अशी की मोठा सामना जिंकला की कपडे बदलायच्या आधी सगळ्यांनी धारेच्या खोलीत यायचं आणि प्रत्येकीने आपली काठी माझ्या टेबलावर एकदा आपटायची. पाहुण्यांच्या संघाचं दुःख भिंतीपलीकडेच होतं, म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं, आणि त्यांनी काठ्या हळूच टेकवल्या, एकेक करून. प्रत्येक टकटकीला मला सांगावंसं वाटलं, माझं नाही हे, हे टेबल नव्हे, ते पलीकडचं. पण सांगितलं असतं तर त्या माणसाला त्याच्या लोकांत तोंड दाखवणं कठीण झालं असतं. मी गप्प राहिले, आणि माझी नसलेली एकोणीस माणसांची कृतज्ञता उभ्याने घेतली. तो पाठमोरा होऊन चष्मे पुसत होता, दोन्ही.

मुंगी सगळ्यांच्या शेवटी होती. ती माझ्या टेबलापाशी आली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे गेली. बाकीच्या बोळात निघून गेल्या होत्या. तिने काठी त्याच्या टेबलावर टेकवली, इतकी हलकी की आवाज जेमतेम आला. तो वळला. ती निघून गेली, तिची जड पिशवी दाराला एकदा अडकली, सुटली.

मग खोलीत आम्ही दोघंच. त्याच्या भाषेत धन्यवाद कसं म्हणतात ते मी आठवडाभरात विचारलं नव्हतं. माझ्याकडे काठीही नव्हती. मी त्याच्या टेबलाजवळ गेले, उजव्या हाताची मूठ केली, आणि एकदा टेबलावर वाजवली. बोटांना काहीच कळलं नाही. त्याला कळलं.